निरभ्र आकाशातले खड्डे आणि लेसरचा कवडसा

५ मार्च १९६६. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून दुपारी दोनच्या सुमारास बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीचे बोइंग ७०७ विमान हाँगकाँगला जाण्यासाठी निघाले. विमानात ११३ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते. आदल्या संध्याकाळी टोकियोवर दाट धुके होते. आता मात्र आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ झाले होते. वैमानिकाने फुजी पर्वताच्या बाजूने, खालचा प्रदेश डोळ्यांनी पाहत वर चढण्याची परवानगी मागितली आणि ती त्याला मिळाली. पंधरा-वीस मिनिटांनी, सुमारे ४९०० मीटर उंचीवर, पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गोतेम्बा गावाच्या आकाशात ते विमान मोडले. त्याचे तुकडे कित्येक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. कोणीही वाचले नाही.

अवशेषांत एका प्रवाशाचा आठ मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेरा सापडला. फिल्म शाबूत होती. तीवर खिडकीतून टिपलेली डोंगरांची शांत दृश्ये होती. मग एकाएकी दोन चौकटी गाळल्या गेल्या होत्या आणि शेवटी विमानाच्या आतले काहीतरी अंधूकपणे दिसत होते. तपास करणाऱ्यांनी तशाच कॅमेऱ्याला हादरे देऊन पाहिले. चौकटी गाळल्या जाण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेसातपट धक्का लागतो, असे त्यांना दिसले. त्याच दिवशी शोधासाठी गेलेल्या अमेरिकन नौदलाच्या एका लहान लढाऊ विमानालाही त्या भागात असे हादरे बसले की त्यावरील त्वरणमापकाने एका बाजूला +९ आणि दुसऱ्या बाजूला −४ हे आकडे दाखवले. या आकड्यांचे एकक म्हणजे गुरुत्वत्वरण, g. आपण खुर्चीत स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा ते +१ असते. −४ याचा अर्थ असा, की पट्टा नसलेला माणूस आपल्या वजनाच्या चौपट जोराने छताकडे फेकला जाईल.

ढग नव्हता, पाऊस नव्हता, वीज नव्हती. विमानाच्या नाकात बसवलेल्या हवामान रडारवर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते रडार पाण्याच्या थेंबांवरून परतणारे तरंग पाहते. कोरडी हवा त्याच्या लेखी पोकळीच. मग या कोरड्या, पारदर्शक हवेतला खळबळाट वैमानिकाला आधी कळायचा कसा? हा प्रश्न सुटण्याच्या जवळ येऊनही पन्नासहून अधिक वर्षे अडून राहिला आहे. त्याचा इतिहास पाहिला तर तो का अडला हे कळते, आणि ते कारण आपल्या वर्गात खडूच्या धुळीतही दाखवता येते.

हवेतली लाट फुटते तेव्हा

अशा हादऱ्यांना 'क्लिअर एअर टर्ब्युलन्स' किंवा थोडक्यात 'कॅट' म्हणतात. आपण त्याला निरभ्र संक्षोभ म्हणू. प्रवासी त्याला 'हवेतला खड्डा' म्हणतात. हवेत खड्डा नसतो हे आपण शिक्षक म्हणून लगेच सांगतो. पण हा शब्द अनुभवाला इतका चपखल बसतो की तो टाकून देववत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. वर्तमानपत्रे हल्ली प्रत्येक मोठ्या हिसक्याला 'क्लिअर एअर टर्ब्युलन्स' म्हणतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला इरावती खोऱ्यावर सुमारे ११,३०० मीटर उंचीवर जबर हादरे बसले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. उभ्या दिशेतील त्वरण ०.६ सेकंदात +१.३५ g वरून −१.५ g वर गेले. तेव्हाही हेच नाव घेतले गेले. चौकशीच्या प्राथमिक निवेदनात मात्र विमान वाढत्या मेघांच्या प्रदेशावरून जात असावे असे म्हटले होते. मेघांच्या आसपासचा संक्षोभ हा वेगळा प्रकार आहे. आपला विषय आहे तो ढगांशी संबंध नसलेला संक्षोभ.

तो दोन ठिकाणी जास्त आढळतो. एक म्हणजे डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला. नदीच्या प्रवाहात मोठा धोंडा असला की त्याच्या पुढे पाणी उसळते आणि भोवरे धरते. फुजीसारख्या एकट्या, ३७७६ मीटर उंच शिखरामागे जोराच्या वाऱ्यात तेच होते. त्या दिवशी शिखरावर वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. दुसरे ठिकाण म्हणजे जेट प्रवाहाच्या कडा. तपांबर आणि स्थितांबर यांच्या सीमेजवळ, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हे वाऱ्याचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा शोधही जपानशी निगडित आहे. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात तातेनो येथून फुगे सोडून हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे मोजले. आपले काम जगाला कळावे म्हणून त्याने अहवाल १९२६ साली एस्पेरान्तो भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो जवळजवळ कोणी वाचला नाही! १९४४ साली अमेरिकन बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांना हे वारे नव्याने 'सापडले'. १९५०च्या दशकात जेट इंजिनाची प्रवासी विमाने आली आणि ती नेमकी याच उंचीवर उडू लागली.

जेट प्रवाहाच्या वर आणि खाली वाऱ्याचा वेग थोड्याशा उंचीत झपाट्याने बदलतो. एका थरावरून दुसरा थर घसरत जातो. खालचा थर थंड व जड आणि वरचा उबदार व हलका असेल तर गुरुत्वाकर्षण थरांना जागेवर धरून ठेवते. वेगातला फरक त्यांना घुसळू पाहतो. ही रस्सीखेच लुईस फ्राय रिचर्डसन याने १९२० साली एका गुणोत्तरात मांडली. अंशस्थानी थरांची स्थिरता, छेदस्थानी वेगाच्या फरकाचा वर्ग. हे गुणोत्तर सर्वत्र पाव किंवा त्याहून मोठे असले तर प्रवाह टिकतो, हे माइल्स आणि हॉवर्ड यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केले. ते पावाच्या खाली उतरले तर दोन थरांच्या सीमेवर लाटा उठू शकतात, त्या वळतात, समुद्राच्या लाटेसारख्या फुटतात आणि त्यांचे भोवरे होतात. शंभर मीटरपासून एक-दोन किलोमीटरपर्यंतचे भोवरे विमानाला झोंबतात. त्याहून लहान भोवरे नुसती थरथर देतात आणि फार मोठ्यांवर विमान होडीसारखे सावकाश वरखाली होते.

ही लाट वर्गात दाखवता येते. एका लांब, पारदर्शक, घट्ट बुचाच्या नळीत निम्मे रंगीत पाणी आणि वर निम्मे रॉकेल किंवा गोडेतेल भरावे, नळी आडवी ठेवून थर स्थिर होऊ द्यावेत आणि मग एक टोक झटकन थोडे उचलावे. जड पाणी खाली आणि तेल वर धावू लागते, आणि सीमेवर क्षणभर लाटांची रांग उमटते. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली हाच प्रयोग पाणी आणि कार्बन डायसल्फाइड घेऊन केला होता. आपण त्या विषारी द्रवाच्या वाटेला जाऊ नये. तेल पुरे आहे.

हवेला दृश्य करायचे तर

१९६०च्या दशकात निरभ्र संक्षोभ ओळखण्याचे नाना उपाय सुचवले गेले. कोणी हवेतील विद्युत क्षेत्र मोजू पाहिले, तर कोणी तापमानातले लहान बदल अवरक्त किरणांनी दुरून वाचायचा प्रयत्न केला. अमेरिकेत जमिनीवरच्या अतिशय शक्तिशाली रडारांनी स्वच्छ हवेतले संक्षोभाचे थर खरोखर दिसले, पण त्यांच्या थाळ्या एवढ्या अवाढव्य की विमानात नेण्याची बातच सोडा. अवरक्त किरणांचा मार्ग पुढेही बराच काळ चालू राहिला. १९७०च्या दशकात पीटर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या हवेतील पाण्याच्या वाफेतले चढउतार अवरक्त किरणांनी टिपून काही मिनिटे आधी इशारा मिळतो असे दाखवले. मात्र या सगळ्या उपायांत एक कच्चा दुवा होता. ते संक्षोभाची सोबत करणारी एखादी खूण पाहत होते, प्रत्यक्ष वाऱ्याची गती नव्हे. खूण असते पण संक्षोभ नसतो, असे वरचेवर झाले की वैमानिक त्या दिव्याकडे पाहायचे सोडून देतो.

गती प्रत्यक्ष पाहायची तर हवेवरून काहीतरी परतून आले पाहिजे. इथे आपण आपला कवडसा आठवू. दुपारच्या उन्हात खिडकीच्या फटीतून आलेला कवडसा आपल्याला दिसतो तो प्रकाशामुळे नव्हे, त्यातल्या धुळीमुळे. वर्गात अंधार करून बॅटरीचा झोत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकावा. मधला झोत जेमतेम दिसतो. मग झोताखाली फळा पुसायचे डस्टर झटकावे. झोत उजळतो, आणि त्यातले कण कुठल्या दिशेने वाहताहेत तेही दिसते. हवा अदृश्यच राहते. तिच्या पाठीवर बसलेली धूळ तिची चाल सांगते. लायडार, म्हणजे प्रकाशाचे रडार, याच तत्त्वावर चालते.

थिओडोर मेमनचा रूबी लेसर मे १९६० मध्ये चमकला. तीनच वर्षांत, १९६३ साली, अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये फिओको आणि स्मलिन यांनी रूबी लेसरचे स्पंद आकाशात सोडून कित्येक किलोमीटर उंचीवरच्या धुळीचे प्रतिध्वनी पकडले. साहजिकच पुढचा विचार असा आला की हे उपकरण विमानाच्या नाकात बसवावे. पण रूबी लेसरचा प्रतिध्वनी फक्त 'इथे धूळ जास्त, तिथे कमी' एवढेच सांगायचा. धूळ जास्त तिथे संक्षोभ, हे समीकरण टिकले नाही. पुन्हा खूणच! शिवाय दृश्य प्रकाशाचा असा तीव्र स्पंद डोळ्यात गेला तर नेत्रपटल जळते. समोरून येणाऱ्या विमानाच्या वैमानिकावर तो रोखणे कोणाला परवडणार?

बारामतीचा मुलगा आणि दहा मायक्रॉनचा प्रकाश

सुटकेचा मार्ग न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेतून आला. १९६४ साली तिथल्या चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला. आपल्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे असे आहे. पटेलांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९६१ साली ते बेल प्रयोगशाळेत गेले. त्यांचा लेसर पोलाद कापतो, शस्त्रक्रिया करतो, हे पाठ्यपुस्तकांत येते. वाऱ्याची गती मोजणाऱ्या पहिल्या उडत्या लायडारांचे हृदय तोच होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्याचे गुण मोजावेत तितके थोडे. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्तातली, आणि ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असते. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पडद्यातच शोषला जातो, नेत्रपटलापर्यंत पोचत नाही. म्हणून रूबीच्या तुलनेत तो पुष्कळ सुरक्षित. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची कंप्रता अतिशय शुद्ध ठेवता येते. ही शुद्धता का हवी ते पाहण्यासाठी थोडे गणित करू.

स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर आपल्याकडे येताना चढा आणि जाताना उतरलेला लागतो, हा डॉप्लर परिणाम. धुळीच्या कणावरून परतणाऱ्या प्रकाशाचेही तसेच. कण v वेगाने आपल्याकडे येत असेल तर परतलेल्या प्रकाशाची कंप्रता २v भागिले तरंगलांबी इतकी वाढते. सेकंदाला १ मीटर वेग आणि १०.६ मायक्रॉन तरंगलांबी घेतली तर हा फरक येतो सुमारे १ लाख ८९ हजार हर्ट्झ. आकडा मोठा वाटतो, पण मूळ प्रकाशाची कंप्रता आहे सेकंदाला सुमारे २८ लाख कोटी. पंधरा कोटींत एक, एवढा हा फरक. तो मोजायचा कसा?

तंबोरा जुळवताना आपण जे करतो तेच करून. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की नाद सावकाश वरखाली झुलू लागतो. हे विस्पंद. सेकंदाला जितक्या वेळा नाद झुलतो तितका दोन तारांच्या कंप्रतेत फरक. मूळ सूर किती हर्ट्झचा हे कळण्याची गरजच नसते. तसाच परतलेला क्षीण प्रकाश लेसरच्या ताज्या, स्थिर प्रकाशात मिसळून शोधकावर टाकला की दोघांचे विस्पंद विद्युत संकेत म्हणून मिळतात, आणि लाखो हर्ट्झचा विद्युत संकेत मोजणे रेडिओवाल्यांना पाठ होते. लेसर स्वतःच बेसूर असेल तर मात्र सगळा खेळ बिघडतो. कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी १९६४ साली याच रीतीने वाहत्या द्रवाची गती मोजली. मग अलाबामातील हंट्सव्हिल येथे नासाच्या मार्शल केंद्रात मिल्टन हफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटेलांचा लेसर घेऊन तीच रीत मोकळ्या हवेवर आजमावली.

१९७२ आणि १९७३ साली हे उपकरण नासाच्या कॉन्व्हेअर ९९० विमानातून उडाले. रेथिऑन कंपनीने ते घडवायला मदत केली होती. चार जेट इंजिनांच्या त्या विमानात बसलेल्या मंडळींनी समोरच्या हवेत स्पंद सोडले आणि परतलेल्या संकेतांत वेगांचा पसारा शोधला. शांत हवेतले सगळे कण जवळजवळ एकाच वेगाने जातात, तेव्हा संकेताचा पट्टा अरुंद असतो. संक्षोभात काही पुढे, काही मागे, म्हणून पट्टा रुंदावतो. तत्त्व अगदी सरळ होते, आणि खालच्या धुळकट हवेत यंत्र चालतही होते. पण विमान जसजसे वर चढे तसतसा प्रतिध्वनी विरत जाई आणि उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जाई. सुधारलेल्या रूपात ते १९७९ साली पुन्हा उडवले गेले. संवेदनशीलता वाढली होती. अडचण तीच होती.

धुळीचा दुष्काळ

ही अडचण यंत्र बनवणाऱ्यांच्या हातातली नव्हती. धूळ बहुतेक जमिनीवरून येते आणि पावसाने धुऊन निघते. त्यामुळे विमाने ज्या उंचीवर उडतात तिथली हवा पृथ्वीवरील सर्वांत स्वच्छ हवेपैकी असते. जमिनीलगतच्या हवेपेक्षा तिथला प्रतिध्वनी शेकडो पटींनी क्षीण असू शकतो. वर्गातल्या प्रयोगात डस्टर झटकायला कोणी नसावे तसे हे झाले. नासाने १९८९ व १९९० साली डी.सी.-८ विमानातून प्रशांत महासागरावर दूरवर फेऱ्या मारून ही स्वच्छता मोजली. 'ग्लोब' नावाच्या या मोहिमांत दूर महासागरावरच्या वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड लेसरला परत पाठवण्यासारखे फारच थोडे आढळले. पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि स्थितांबरात गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब भरले. लायडारवाल्यांसाठी ती सुगीच होती! पण ज्वालामुखीच्या भरवशावर विमानसेवा चालवता येत नाही.

दुसरी अडचण दिशेची. डॉप्लर लायडारला किरणाच्या दिशेतलीच गती कळते. किरणाला काटकोनात जाणारी हवा त्याला अचल भासते. आणि विमानाला आदळतो तो झोत नेमका उभा, खालून वर किंवा वरून खाली! पहिल्या संशोधकांनी असे मानले की भोवऱ्यात हवा सर्व दिशांनी फिरते, तेव्हा समोरासमोरच्या गतीत खळबळ दिसली तर उभ्या गतीतही ती असणारच. लहान भोवऱ्यांना हे बऱ्यापैकी लागू पडते. डोंगरामागच्या मोठ्या लाटेला नाही. मग दोन किरण वापरण्याची युक्ती निघाली, एक थोडा वर आणि एक थोडा खाली. दोघांच्या मोजमापांतल्या फरकातून उभी गती काढता येते. पण किरण जर दहा-दहा अंशांनीच कललेले असतील तर मूळ मोजमापातली चूक उत्तरात सुमारे चौपट होऊन येते. त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना करायला द्यावे.

मधल्या काळात एका शेजारच्या प्रश्नाने लायडारवर मात केली. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे उतरताना डेल्टा कंपनीचे विमान मेघगर्जनेच्या ढगाखालून जमिनीवर आदळणाऱ्या हवेच्या लोटात सापडले आणि १३७ जण मरण पावले. त्यानंतर अमेरिकन सरकारने विमानावर वाऱ्यातला असा बदल ओळखणारे साधन शोधायला मोठा कार्यक्रम हाती घेतला. रडार, अवरक्त आणि लायडार तिघांनाही संधी मिळाली. १९९२ साली कार्बन डायऑक्साइड लेसरचा एक लायडार नासाच्या बोइंग ७३७ मधून उडाला. पण असे लोट बहुधा पावसासोबत येतात. पावसात लायडार आंधळा होतो, रडार डोळस होते, आणि रडार तर प्रत्येक विमानाच्या नाकात आधीच बसलेले. निकाल रडारच्या बाजूने लागला. आमच्या मते तो योग्यच होता. मात्र त्यामुळे लायडारला मिळू शकणारी मोठी गिऱ्हाइकी गेली, आणि निरभ्र संक्षोभ होता तिथेच राहिला. जमिनीवर मात्र लायडारने नाव काढले. हाँगकाँगच्या विमानतळावर लांटाउ बेटाच्या डोंगरांमुळे वारा लहरी असतो. तिथल्या वेधशाळेने २००२ साली वाऱ्यातल्या बदलाचा इशारा देण्यासाठी डॉप्लर लायडार बसवला. खालच्या हवेत धुळीची वाण नसते.

पुन्हा जपान

विमानावरच्या लायडारला नवा जीव आला तो लेसर बदलल्यामुळे. १९९८ साली नासाने 'अक्लेम' नावाच्या प्रकल्पात सुमारे दोन मायक्रॉन तरंगलांबीचा, घनपदार्थाचा लेसर एका इलेक्ट्रा विमानातून उडवला आणि काही किलोमीटर पुढचा संक्षोभ पाहिला. यामागची मूळ प्रेरणा प्रवाशांची सुरक्षितता नव्हती, हे थोडे गमतीचे आहे. ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या इंजिनाला हवेतल्या अनपेक्षित झोतामुळे गुदमरायला होते. ते टाळण्यासाठी हे उपकरण कल्पिले होते. ते वेगवान विमान काही झाले नाही.

दुसरी मदत दूरध्वनीवाल्यांकडून आली. काचतंतूंतून संदेश दूर नेण्यासाठी १९८०च्या दशकाअखेर एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूंचे प्रकाशवर्धक निघाले. त्यांची तरंगलांबी सुमारे १.५५ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला पुन्हा बरीच सुरक्षित. आरसे आणि नळ्यांच्या नाजूक मांडणीऐवजी वेटोळे करून ठेवता येईल असा तंतू मिळाला. याच तरंगलांबीवर सेकंदाला १ मीटर वेगाने पडणारा कंप्रतेतला फरकही सुमारे १३ लाख हर्ट्झ इतका मोठा होतो.

या पायावर जपानच्या जाक्सा या संस्थेने विमानाचा लायडार लहान करत आणला. २०१६-१७ च्या हिवाळ्यात त्यांनी तो लहान जेट विमानातून उडवून पाहिला. वजन ८३.७ किलोग्रॅम आणि सरासरी पल्ला १७.५ किलोमीटर. २०१८ साली तोच लायडार अमेरिकेत बोइंग ७७७ मालवाहू विमानावर चाचणीसाठी बसवला गेला. सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला १७.५ किलोमीटर म्हणजे ७० सेकंद. एवढ्यात विमान वळवून संक्षोभ टाळणे कठीण; पण पट्ट्याचा दिवा लावणे, जेवणाची गाडी जागेवर अडकवणे आणि कर्मचाऱ्यांनी खाली बसणे एवढे होते. ते थोडके नाही. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात संक्षोभामुळे १६३ जणांना गंभीर इजा झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतले बहुसंख्य विमानातले कर्मचारी होते; म्हणजे ज्यांना कामासाठी उभे राहावेच लागते ते.

धुळीच्या दुष्काळावर एक उपाय असा, की धूळच नको, हवेच्या रेणूंवरूनच प्रकाश परतू द्यावा. आकाश निळे का दिसते हे शिकवताना आपण रॅलेचा नियम सांगतो: रेणूंकडून होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. १०.६ मायक्रॉनऐवजी ०.३५५ मायक्रॉनचा जंबुपार प्रकाश घेतला तर ते सुमारे आठ लाख पटींनी वाढते. रेणू सगळीकडे आहेत, अगदी स्वच्छ हवेतही. मग अडते कुठे? रेणू स्वतःच उष्णतेमुळे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात. त्या गर्दीतून वाऱ्याचा सेकंदाला एक-दोन मीटरचा फरक वेचायचा, म्हणजे जत्रेतल्या गोंगाटात तंबोरा जुळवण्यासारखे आहे. तरी युरोपात एअरबस ए-३४० विमानावर नाकापुढच्या सुमारे ५० मीटरवरची हवा अशी मोजून पाहिली गेली. ५० मीटर म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. माणसाला तो निरुपयोगी, पण पंखांवरच्या झडपा संगणकाने हलवायला पुरेसा. 'डेलिकॅट' या दुसऱ्या युरोपीय प्रकल्पात २०१३ साली नेदरलँड्समधील एका लहान जेट विमानातून जंबुपार लायडार उडवला. त्यात वेगाऐवजी हवेच्या घनतेतले सूक्ष्म चढउतार दुरून वाचण्याचा प्रयत्न होता. म्हणजे पुन्हा खूणच, पण उभ्या हालचालीशी जास्त जवळचे नाते असलेली.

आजही प्रवासी विमाने लायडार नेहमीसाठी नेत नाहीत. त्यांची भिस्त आहे हवामानाच्या अंदाजावर, आणि पुढे गेलेल्या विमानाने बसलेला हादरा मागच्याला कळवण्यावर. हे कळवणे आता पुष्कळदा विमानातला संगणक आपोआप करतो. पण त्यासाठी कोणाला तरी पहिला हादरा खावा लागतो. ८३ किलो वजन, त्यासाठी दर उड्डाणाला लागणारे इंधन आणि बसवण्याचा खर्च हे विमान कंपन्यांच्या हिशोबात एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात क्वचित येणारी इजा. हे दुसरे पारडे जड होत चालल्याची चिन्हे आहेत. पॉल विल्यम्स आणि मनोज जोशी यांनी २०१३ साली संगणकी प्रतिरूपावरून दाखवले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरच्या हिवाळी मार्गांत मध्यम व त्याहून तीव्र निरभ्र संक्षोभ ४० ते १७० टक्क्यांनी अधिक वेळा भेटेल. २०२३ साली रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी मागच्या नोंदी तपासल्या. उत्तर अटलांटिकवरच्या एका नमुनेदार ठिकाणी तीव्र निरभ्र संक्षोभ १९७९ साली वर्षभरात १७.७ तास असे. २०२० साली तो २७.४ तासांवर गेला होता. कारण असे दिले जाते, की जमिनीलगत आणि वर हवा सारख्या प्रमाणात तापत नाही, त्यामुळे जेट प्रवाहाच्या उंचीवर उत्तर-दक्षिण तापमानातला फरक वाढतो, थरांतला वेगाचा फरकही वाढतो, आणि रिचर्डसनचे ते गुणोत्तर पावाच्या खाली अधिक वेळा उतरते.